व्याह्यांचा किल्ला आणि फाडलेलं पान

लेकीकडे अमेरिकेत सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिला आठवडा झोप उलटी. मग नायगारा, मग कॉस्टको, मग देवळाच्या कँटीनमधला डोसा, मग पुन्हा कॉस्टको. हे सगळं उरकलं की जावई शनिवारी सकाळी कॉफीचा मग घेऊन समोर बसतात आणि "बाबा, आज काय करावंसं वाटतंय?" असं फार प्रेमाने विचारतात. खरं उत्तर 'डोंबिवलीला जावंसं वाटतंय' हे असतं, पण ते द्यायची सोय नसते.

यंदा एका शनिवारी जावयांनी काही विचारलंच नाही. "डॅडनी तळघरातून खोका वर आणलाय," एवढंच म्हणाले आणि गाडीची किल्ली घेतली. लेकीने कपाळाला हात लावला. नातू आधीच बूट चढवून गाडीत जाऊन बसला होता.

डॅड म्हणजे आमचे व्याही. उंची सहा फुटांच्या वर, आवाज खर्जातला, शब्द मोजके. जन्म विस्कॉन्सिनचा, नोकरी विस्कॉन्सिनची, फ्रिजमधलं चीज विस्कॉन्सिनचं. मी बँकेतून निवृत्त झालेला, त्यातही शेवटची वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढलेला. लग्नापासून आजवर आमच्या दोघांत जे काही बोलणं झालं ते हवामानावर. त्यांनी बर्फ किती पडला ते सांगायचं, मी पाऊस किती पडला ते सांगायचं, दोघांनी मान डोलवायची. व्याह्यांशी संबंध चांगले ठेवायचा याहून खात्रीचा उपाय मला तरी ठाऊक नाही.

त्या दिवशी मात्र हवामान निघालंच नाही. जेवणाच्या टेबलावर कोपरे चेपलेला एक खोका होता. झाकणावर सोन्याच्या ढिगावर बसलेला ड्रॅगन, त्याच्या पुढ्यात एक तिरंदाज आणि एक कांडीवाला जादूगार, आणि वर नाव : डन्जन्स अँड ड्रॅगन्स. व्याही त्या खोक्याशेजारी असे उभे होते, की कुणी तरी अंगठ्या आणि अक्षता घेऊन यायचं बाकी होतं.

ज्यांच्या घरी हा खेळ अजून पोचलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लेक जिनीव्हा हे व्याह्यांच्या घरापासून गाडीने तासाभरावरचं तळ्याकाठचं गाव. तिथे गॅरी गायगॅक्स नावाचे गृहस्थ राहत. त्यांची विमा कंपनीतली नोकरी १९७० मध्ये गेली. चार पैसे मिळावेत म्हणून ते घराच्या तळघरात बसून बूट दुरुस्त करायला लागले, आणि उरलेल्या वेळात लढायांचे खेळ रचत राहिले. शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या डेव्ह आर्नेसननी त्यांना एक नवीच तऱ्हा दाखवली : अख्खं सैन्य हलवण्याऐवजी प्रत्येकाने एकच माणूस चालवायचा, आणि रणांगणाऐवजी किल्ल्याखालच्या भुयारात शिरायचं. दोघांनी मिळून १९७४ मध्ये तीन पुस्तिकांचा संच काढला. पहिली छपाई एक हजार प्रतींची. २०२४ मध्ये खेळाला पन्नास वर्षं झाली तेव्हा अमेरिकन पोस्टाने त्याची तिकिटं काढली. विमा खात्यातल्या कुणा माणसाने नोकरी टिकवली म्हणून तिकीट निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खेळाला पट नाही, कोण जिंकलं हा प्रश्न नाही, आणि खेळ संपतो कधी हे विचारणं असभ्यपणाचं समजतात. एकाने डन्जन मास्टर व्हायचं. पोथी त्याच्यापुढे उघडी, बाकीच्यांना ती बघायला बंदी. तो सांगणार, पुढे अंधारी वाट आहे, डावीकडे दार आहे. बाकीच्यांनी आपापला माणूस काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवणार. कीर्तनच म्हणा, फक्त इथे श्रोत्यांना मध्येच उठून 'बुवा, हरिश्चंद्राने राज्य द्यायचं नाही असं आम्ही ठरवलंय' म्हणायची मुभा असते, आणि बुवांना मुकाट्याने तिथून पुढे आख्यान न्यावं लागतं.

तर व्याह्यांनी खोका उघडून माझ्यापुढे सरकवला. माझा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. जुनं दप्तर समोर आलं की आधी काय आहे ते बघायचं नसतं, काय नाही ते बघायचं असतं.

नियमांची पुस्तिका होती. ती संपादित करणारे जे. एरिक होम्स हे मेंदूविकारांचे डॉक्टर होते, असं व्याह्यांनी सांगितलं, तेव्हा आमच्या सौ.ला या प्रकाराबद्दल पहिल्यांदाच थोडा विश्वास वाटला. फासे मात्र नव्हते. फाशांच्या जागी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे बारके चौकोन होते. ही व्याह्यांची काटकसर नव्हे. या खेळाला साधा सहा बाजूंचा फासा पुरत नाही. चार, आठ, बारा, वीस अशा बाजूंचे फासे लागतात, आणि १९७९ मध्ये खेळाचा खप एकदम एवढा वाढला, की कंपनीला फासेच पुरेनात. तेव्हा तिने खोक्यात पुठ्ठ्याचे आकडे घातले. कापून घ्या, वाटीत टाका, डोळे मिटून एक उचला. सोबत एक कूपन : फासे आले की यावर मागवा. व्याह्यांनी ते कूपन कधी पाठवलंच नाही. कूपन अजून शाबूत आहे, कंपनी नाही. १९९७ मध्ये तिला विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतलं, १९९९ मध्ये त्या विझर्ड्सना हॅस्ब्रोने. "म्हणजे ही देणेदारी आता हॅस्ब्रोकडे," मी म्हटलं. व्याही खो खो हसले. इतक्या वर्षांत मी त्यांचे सगळे दात पहिल्यांदाच पाहिले.

पण माझं मोजणं चालूच होतं. वीस आकड्यांच्या वाटीत एकोणीसच चौकोन निघाले. एक ते एकोणीस. खोक्याच्या कानाकोपऱ्यात, पुस्तिकांच्या घड्यांत शोधलं. वीस नाहीच. या खेळात तलवार मारताना वीस लागणं म्हणजे पर्वणी. व्याह्यांना आठवलं, की त्या सगळ्या हिवाळ्यात त्यांच्या टोळीतल्या एकाही पोराला वीस लागला नव्हता आणि सगळ्यांनी आपापल्या नशिबाला दोष दिला होता. शाळकरी पोरं, गणितात बरी, पण वाटीतले तुकडे मोजावेत हे कुणाला सुचलं नाही. ज्याला 'तू लहान आहेस' म्हणून खेळात घेत नव्हते तो व्याह्यांचा धाकटा भाऊ आज मिनीयापोलिसला दातांचा डॉक्टर आहे. जावयांनी त्याला तिथल्या तिथे फोन लावला. त्याने आरोप नाकारला नाही. मुदत उलटून गेली आहे, एवढंच म्हणाला.

आता मुख्य ऐवज. खोक्यात नियमांबरोबर एक तयार मोहीम असायची, म्हणजे डन्जन मास्टरने चालवायची पोथी. हिचा क्रमांक बी-१, नाव 'इन सर्च ऑफ द अननोन', लेखक माइक कार. क्वास्क्वेटन नावाचा एक किल्ला. तो बांधला रोगान नावाच्या योद्ध्याने आणि झेलिगर नावाच्या जादूगाराने. दोघे रानटी टोळ्यांचा कायमचा बंदोबस्त करायला उत्तरेकडे गेले आणि परत आले नाहीत. किल्ला ओस पडला. तुम्ही आत शिरायचं आणि मिळेल ते घेऊन बाहेर यायचं. कोणत्याही देशाच्या दंडविधानात याला घरफोडी म्हणतील, पण मालक बेपत्ता असल्यामुळे तक्रार करायला कुणी नाही. क्वास्क्वेटन नावाचं खरंखुरं गाव शेजारच्या आयोवा राज्यात आहे. व्याही तरुणपणी एकदा मुद्दाम तिथे जाऊन आले. तिथे किल्ला नाही. तरी त्यांनी पाटीचा फोटो काढला होता, तो मला दाखवला.

या पोथीचं कव्हर नव्हतं. आता कव्हर गेलं तर गेलं, आत मजकूर आहे ना, असं कुणालाही वाटेल. पण त्या काळच्या या पोथ्यांचं कव्हर टाचलेलं नसे, नुसतं वर गुंडाळलेलं असे, आणि किल्ल्याचे दोन्ही मजल्यांचे नकाशे त्या कव्हरच्या आतल्या बाजूला छापलेले असत. डन्जन मास्टरने कव्हर पडद्यासारखं उभं करायचं आणि त्याआड बसून नकाशा बघायचा, अशी ती योजना. म्हणजे कव्हर हरवलं की किल्लाच हरवला. नुसत्या खोल्या उरतात, कुठली कुठे ते कळत नाही. हा नकाशा फिकट निळ्या शाईत असे, आणि तेव्हाच्या झेरॉक्स यंत्राला फिकट निळं नीट दिसत नसे, त्यामुळे कुणाकडे त्याची नक्कलही नव्हती. व्याह्यांचं कव्हर एका मित्राने दोन दिवसांसाठी नेलं होतं. हा मित्र पुढे ग्रंथपाल झाला.

मी पानं उलटायला लागलो आणि थांबलो. प्रत्येक खोलीचं वर्णन छापलेलं. हे स्वयंपाकघर, हा भटारखान्याचा धूर जायचा मार्ग, हे कपाट, हा गालिचा. आणि वर्णनाखाली दोन रकाने : 'राक्षस' आणि 'खजिना व त्याची जागा'. पुढे रेघ, आणि रेघेवर काही छापलेलंच नाही. एका खोलीत नाही, दुसऱ्या खोलीत नाही, किल्ला संपेपर्यंत कुठेच नाही. मला वाटलं, छपाईत राहिलं असणार. व्याह्यांनी समजावलं, की राहिलेलं नाही, ठेवलेलं आहे. ही पोथी नवशिक्या डन्जन मास्टरसाठी. मागे राक्षसांची यादी, खजिन्याची यादी. कुठल्या खोलीत कोण बसवायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं आणि रेघेवर लिहायचं.

मी जन्मभर रिकामे रकाने दिसले की शाखाधिकाऱ्याला बोलावून घेणारा माणूस. इथे एक कंपनी चक्क रिकामे रकाने छापून ते पैसे घेऊन विकत होती, आणि लोक रांगेत उभे राहून घेत होते. बरं, हा माल खोटा नव्हता. उलट मला हळूहळू असं दिसायला लागलं, की त्या खोक्यात किमती जर काही असेल तर त्या रेघाच आहेत. कारण सोळाव्या वर्षी व्याह्यांनी त्या पेन्सिलीने भरल्या होत्या.

स्वयंपाकघरातला राक्षस : मोठे उंदीर. खजिना : पिठाच्या डब्यात अकरा सोन्याची नाणी. इथपर्यंत ठीक. ग्रंथालयाच्या खोलीत : गणिताचे मास्तर. त्यांच्यापुढे कंसात 'फार हळू चालतात'. शिपायांच्या बराकीत शाळेचा अख्खा हॉकी संघ, गोलकीपर वगळून, कारण गोलकीपर मित्र होता. कोठीच्या खोलीत राक्षस कुणी नाही, खजिना : 'आईने लपवलेली बिस्किटं'. एका रेघेवर आधी एका मुलीचं नाव लिहून ते इतकं खोडलं होतं, की कागद विरलेला. विहीणबाईंनी चष्मा लावून ती जागा बराच वेळ उजेडात धरली. नाव त्यांचं नव्हतं, एवढं त्यांना कळलं, पुढे त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळच्या जेवणात व्याह्यांना सॅलड जास्त वाढलं गेलं.

असा हा मितभाषी मनुष्य. इतक्या वर्षांत मला त्यांच्याबद्दल जे कळलं नव्हतं ते त्या रेघांनी अर्ध्या तासात सांगितलं.

मग ते पान आलं, म्हणजे आलं नाही. राजदरबाराची खोली, जिथे दोन सिंहासनं आहेत, ते पान नव्हतं. टाचणीपाशी कागदाची बारीक कड उरलेली, तीही सरळ. पान गळालेलं नव्हतं, पट्टी लावून फाडलेलं होतं. गहाळ आणि काढून घेतलेलं यांतला फरक कडेवरून ओळखतात, हे मी किती तरी नव्या इन्स्पेक्टरांना शिकवलं आहे. मी व्याह्यांकडे बघितलं. व्याही खिडकीबाहेर बघायला लागले आणि म्हणाले, "यंदा बर्फ लवकर पडणार असं दिसतंय."

जावई मात्र उत्साहात. त्यांनी तिथेच फोनवर शोधून सांगितलं, की ही पोथी आता रीतसर विकत मिळते, डिजिटल प्रत, फार तर दोन कप कॉफीच्या किमतीत. पाच मिनिटांत छापून घेऊ, नकाशाही मिळेल. आणि खरंच, प्रिंटरमधून हवं ते पान आलं. राजदरबाराचं सविस्तर वर्णन. खाली 'राक्षस', पुढे रेघ. 'खजिना', पुढे रेघ. सगळी कोरी.

कंपनी जे कधी छापलंच नव्हतं ते पुन्हा छापून देणार कुठून? खोलीत काय होतं ते फक्त व्याह्यांच्या पेन्सिलीला ठाऊक.

"हरकत नाही," जावई म्हणाले, "तिथे अस्वल होतं." व्याही म्हणाले, "नव्हतं." इथे जे पेटलं ते मिटायला दुपार उलटली. जावयांचं म्हणणं, लहानपणी रोज रात्री डॅडनी झोपताना ही गोष्ट सांगितली आहे, सिंहासनावर मधाचं मडकं घेऊन एक बोलणारं अस्वल बसलेलं असतं, आणि या अस्वलावर आपण लहानाचे मोठे झालो आहोत. व्याही हळू आवाजात म्हणाले, की ते अस्वल नंतरचं, तू पाच वर्षांचा होतास म्हणून घातलेलं. मूळ नोंद वेगळी होती. "काय होती?" जावई, लेक, नातू, मी, आणि स्वयंपाकघराच्या दारातून विहीणबाई, सगळ्यांनी एकदम विचारलं.

ती नोंद काय होती हे कळायला त्या काळाची हवा माहीत हवी. १९७९ मध्ये मिशिगनमध्ये एक विद्यार्थी काही दिवस बेपत्ता झाला आणि वर्तमानपत्रांनी त्याचा ठपका या खेळावर ठेवला. मुलगा पुढे सापडला आणि कारणं निराळीच निघाली, पण बातमी पसरायची ती पसरली होती. १९८२ मध्ये 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' नावाचा टीव्ही-चित्रपट आला. त्यात तरुण टॉम हँक्स असा खेळ खेळता खेळता भ्रमिष्ट होतो. पुढच्या वर्षी व्हर्जिनियातल्या एका आईने या खेळाविरुद्ध संघटनाच काढली. घरोघरच्या आया मुलांची कपाटं तपासायला लागल्या. व्याह्यांच्या मातोश्री दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. चित्रपट बघून झाल्या रात्री त्यांनी मुलाचा खोका काढला, पोथी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. उंदीर वाचले, मास्तर वाचले, बिस्किटांपाशी जरा थबकल्या असतील. आणि राजदरबाराच्या पानावर त्यांना सिंहासनावर आपल्या चर्चचे पाद्रीबुवा बसलेले आढळले. हिट पॉइंट तीन. खजिना : दानपेटी, सिंहासनाच्या खाली.

हिट पॉइंट म्हणजे अंगातला जीव. तीन म्हणजे एखाद्या पोराने काठी मारली तरी खेळ खलास.

मातोश्रींनी आरडाओरडा केला नाही. पट्टी घेतली, पान फाडलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि रविवारी ते पाद्रीबुवांना नेऊन दिलं. मुलाला बोलावणं आलं नाही, शिक्षा झाली नाही. नुसती टांगती तलवार. व्याही पुढे कॉलेजला गेले, नोकरीला लागले, आणि लग्न ठरलं ते त्याच चर्चमध्ये, त्याच पाद्रीबुवांच्या हातून. आता विहीणबाई स्वयंपाकघर सोडून टेबलाशी येऊन बसल्या होत्या. "लग्नात त्यांनी तुझ्या कानात काही तरी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "मी विचारलं तर तू आशीर्वाद दिला म्हणालास." व्याह्यांचा चेहरा लाल झाला. पाद्रीबुवा वाकून एवढंच म्हणाले होते : "तीनच का रे?"

यावर घरात जो हशा झाला त्यात बर्फाचा विषय कायमचा वितळला असं मला वाटतं. पण प्रश्न तसाच राहिला : सिंहासनावर कोण? जावई अस्वल सोडेनात, व्याही आता एकदा कबूल करून बसल्यावर पाद्रीबुवा सोडेनात. तेव्हा मी माझी सेवा देऊ केली. आमच्याकडे ठेवीची पावती हरवली तर ग्राहकाला घरी पाठवत नाहीत. अर्ज घेतात, इन्डेम्निटी बाँड घेतात आणि डुप्लिकेट देतात. मी जावयांच्या प्रिंटरमधला एक कागद मागवला आणि मसुदा केला : मूळ पान माझ्या ताब्यातून गेलेले असून ते मी कोठेही गहाण ठेवलेले नाही, ते पुढेमागे सापडल्यास विनाविलंब खोक्यात जमा करीन, आणि दुबार पानावरील नोंदीमुळे कोणा राक्षसाचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई माझ्याकडे. व्याह्यांनी गंभीरपणे सही केली. साक्षीदार दोन लागतात : सौ. आणि विहीणबाई. नोंद काय करायची ते नातवाने सांगितलं, कारण दोन्ही पक्षांना मान्य असा तो एकच माणूस होता. "अस्वलच पाद्री आहे," तो म्हणाला. व्याह्यांनी पेन्सिलीने तसं लिहिलं.

वाद मिटेपर्यंत मी व्याह्यांचं कपाट बघून घेतलं होतं. तिथे १९७७ चं 'मॉन्स्टर मॅन्युअल' होतं, राक्षसांचा कोश. त्यातला आपला राक्षस बघण्यासारखा आहे : वाघाचं तोंड, अंगात साहेबी घरगुती कोट, हातात पाइप. तो मरतो कशाने, तर मंत्रवलेल्या बाणाने. गायगॅक्सना हे सुचलं एका अमेरिकन टीव्ही मालिकेवरून. आणखी एक पुस्तक होतं, १९८० चं 'डिइटीज अँड डेमिगॉड्स'. त्यात इंद्र, अग्नी, यम, विष्णू या सगळ्यांचे हिट पॉइंट दिले आहेत. सौ. ते पान बराच वेळ वाचत होती. "विष्णूचा जीव मोजला यांनी," ती म्हणाली, "आपल्याकडे हजार नावं मोजून ठेवली, पण हे कुणाला सुचलं नाही." या पुस्तकाचीही गंमत अशी, की त्याच्या पहिल्या आवृत्तीतले दोन कल्पित देवगण हक्कांच्या कटकटीमुळे नंतरच्या छपाईत काढून टाकले गेले. त्यामुळे ज्यांच्याकडे ती पानं आहेत त्यांचा भाव वधारला. व्याह्यांच्या प्रतीत ती आहेत. म्हणजे या घरात एका पुस्तकाला जास्तीच्या पानांमुळे किंमत आणि दुसऱ्याला नसलेल्या पानामुळे.

संध्याकाळी खेळायला बसलो. लेक योद्धा, जावई बुटका खाणकामगार, नातू चोर. मला धर्मगुरू केलं. या धर्मगुरूला धारेचं शस्त्र चालत नाही, फक्त सोटा, आणि होम्ससाहेबांच्या नियमात पहिल्या पायरीवर त्याला एकही मंत्र येत नाही. नुसता गुरू. सौ.ला जादूगार केलं. तिला एक मंत्र : स्लीप. एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करायचा. "मग पहिल्यांदा पाठ करून उपयोग काय?" या तिच्या प्रश्नाला गेल्या पन्नास वर्षांत कुणी उत्तर दिलेलं नाही, असं व्याही म्हणाले. सामानाच्या यादीत मशाली, दोर आणि दहा फुटी काठी असते. काठी पुढे आपटत चालायचं, जमीन खचली तर काठी जाते. हा एकच नियम मला पहिल्या झटक्यात पटला. कोरड्या शिध्याच्या जागी सौ.ने दशम्या लिहिल्या आणि व्याह्यांनी त्या मंजूर केल्या.

चौदा कुंडांची एक खोली आहे किल्ल्यात. कशात दारू, कशात आम्ल, कशात बर्फ, कशात नुसते मासे. एका कुंडाचं पाणी प्यायलं की काही काळ वाचा बसते. ते माझ्याच वाट्याला यावं हा योगायोग होता, असं व्याही अजूनही म्हणतात. तासभर मला टेबलावर बोलायला बंदी. सौ.ने त्या कुंडाचा पत्ता नकाशावर नीट लिहून घेतला.

शेवटी राजदरबार. दारापाशी सगळे थबकलो. व्याह्यांनी आवाज आणखी खाली नेला, सिंहासनावरच्या पांढऱ्या कॉलरवाल्या अस्वलाचं वर्णन केलं, मधाचं मडकं सांगितलं, दानपेटी सांगितली. अस्वल बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात सौ. म्हणाली, "स्लीप." व्याह्यांनी नियम बघितला. तीन हिट पॉइंट, सुटकाच नाही. अस्वल झोपलं. चाळीस वर्षांचं पान, दुपारभराचा तंटा, माझा बाँड, सगळं एका शब्दात आटोपलं. नातवाने दानपेटी उचलली. मला पावती मागायची होती, पण माझा तासभर अजून संपायचा होता.

तेव्हा एक विनंती. पाद्रीबुवा आता हयात नाहीत आणि त्यांची पुस्तकं चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत गेली, असं विहीणबाईंनी चौकशी करून सांगितलं आहे. मॅडिसन-मिलवॉकीकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी अशा विक्रीतून इंग्रजी धार्मिक पुस्तकं आणली असतील तर ती एकदा झटकून पाहावीत. डावी कड सरळ फाडलेलं, घडी पडलेलं, पेन्सिलीच्या नोंदींचं पान निघालं तर जपून पाठवावं. बक्षीस नाही, पण टपालखर्च आम्ही देऊ. आणि व्याह्यांच्या त्या ग्रंथपाल मित्रांना हा लेख कुणी वाचून दाखवणार असेल, तर त्यांना कळवावं, की दोन दिवस केव्हाच झाले.